विमाव्यवसायातील मुख्य एजंट : एका मधल्या दुव्याचा इतिहास

विमाव्यवसायाचा इतिहास सामान्यतः कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मुंबईची बॉम्बे म्युच्युअल १८७० साली निघाली, ओरिएंटल १८७४ साली. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली वेस्टर्न इंडिया स्थापन केली. आणि १९५६ साली या सर्व प्रवाहांचा एकाच महामंडळात संगम झाला. हे कथन खोटे नव्हे, परंतु ते अपुरे आहे. विमापत्र कंपनीच्या कचेरीत तयार होत असले तरी ते विकले जात असे दूरच्या तालुक्याच्या गावी, आणि कंपनी व तेथील एजंट यांच्यामध्ये पुष्कळदा एक तिसरा पक्ष उभा असे. त्यास मुख्य एजंट म्हणत. हा तिसरा पक्ष कायद्याने काढून टाकला आणि पुन्हा अवतरला. त्याच्या येण्याजाण्यात सामान्य एजंटाच्या मिळकतीचे काय झाले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

मुख्य एजंटाची गरज भूगोलातून निर्माण झाली. नागपूर हे १९५६ पर्यंत मध्यप्रांत व वऱ्हाडची, आणि स्वातंत्र्यानंतर त्यातूनच झालेल्या मध्यप्रदेश राज्याची राजधानी होते. मुंबईहून ते रेल्वेने आठशे किलोमीटरांहून अधिक दूर. मुंबई, कलकत्ता वा सातारा येथील कंपनीस अशा प्रांतात पगारी माणसे नेमून शाखा चालविणे म्हणजे धंदा मिळण्यापूर्वीच खर्च अंगावर घेणे होते. त्यापेक्षा प्रांतातील एखाद्या वजनदार गृहस्थास अथवा पेढीस कमिशनवर मुखत्यारी देणे सोयीचे पडे. तो स्वतःच्या खर्चाने कचेरी थाटी, एजंट शोधी, त्यांस प्रसंगी उचल देई, आणि एजंटाच्या कमिशनाव्यतिरिक्त प्रत्येक हप्त्यावर स्वतःचे वरचे कमिशन घेई. वऱ्हाडातील वाचकास ही रचना अपरिचित वाटू नये. कापसाच्या व्यापारात अडत्याचे स्थान असेच होते : गिरणीस शेतकरी ठाऊक नसे व शेतकऱ्यास गिरणी, दोघांस ठाऊक असे तो अडत्या. फरक इतकाच, आणि तो महत्त्वाचा, की कापसाचा व्यवहार हंगामात संपतो. विम्याचा हप्ता वीस-वीस वर्षे चालतो. त्यामुळे मधल्या माणसाचा हक्कही तितकाच दीर्घायू ठरतो.

१ जुलै १९३९ पासून अमलात आलेल्या १९३८ च्या विमा कायद्याने या क्षेत्रास प्रथमच कठोर शिस्त लावली. कंपनीचा सर्व कारभार हाती ठेवणाऱ्या मॅनेजिंग एजंटांची नवी नेमणूक त्याने बंद केली, जुन्यांस तीन वर्षांची मुदत दिली आणि त्या मुदतीत त्यांचे मासिक वेतन दोन हजार रुपयांवर जाऊ नये असे ठरविले. एजंटास परवाना आवश्यक झाला. आयुर्विम्याच्या पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर कमाल ४० टक्के व पुढील हप्त्यांवर ५ टक्के अशी एजंटाच्या कमिशनाची मर्यादा घातली गेली. नव्या कंपन्यांस पहिली दहा वर्षे थोडी सवलत होती. ग्राहकास कमिशनातून सूट देण्यासही मनाई झाली.

तथापि या शिस्तीत एक मोठी फट राहिली. मर्यादा होती ती एजंटाच्या कमिशनावर. एजंटांस कामाला लावणाऱ्यावर नव्हे. गावोगाव हिंडणाऱ्या माणसाचे उत्पन्न टक्क्यांत मोजले गेले आणि त्याच्या वर बसलेल्याचे करारावर सोडले गेले. विमाकंपन्यांच्या कारभारातील अनिष्ट प्रथांच्या चौकशीसाठी १९४५ मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या मागोमाग १९५० ची व्यापक दुरुस्ती आली, हे या दृष्टीने पाहिले पाहिजे.

१९५० च्या दुरुस्तीने मधल्या पक्षास प्रथम कायद्यात नाव दिले. सर्वसाधारण विम्यासाठी प्रिन्सिपल एजंट, आयुर्विम्यासाठी मुख्य एजंट व विशेष एजंट असे तीन वर्ग झाले. मुख्य एजंट म्हणजे कंपनीचा पगारी नोकर नसलेला, कमिशनच्या मोबदल्यात तिची व्यवस्थापकीय व संघटनात्मक कामे करणारा आणि कंपनीच्या वतीने एजंट नेमून धंदा मिळविणारा इसम. विशेष एजंटाकडे व्यवस्थापन नसे, केवळ एजंट नेमून धंदा आणणे असे. त्या सर्वांची नोंदणी कंट्रोलरकडे व्हावी, करार लेखी असावा आणि कायद्याच्या सहाव्या परिशिष्टातील अटी त्यात अंतर्भूत मानल्या जाव्यात, असे ठरले. एजंटाच्या कमिशनाची मर्यादाही बदलली : पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी साडेसात, नंतर पाच.

या व्याख्येतील ‘कंपनीच्या वतीने’ हे शब्द साधे वाटतात. पण सर्व प्रश्नाची किल्ली त्यांत आहे. व्यवहारात एजंट मुख्य एजंटाचा माणूस असे. त्याने त्यास आणलेले, शिकविलेले, उचल दिलेली. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो कंपनीचाच एजंट होता. शिवाय कलम ४४ अन्वये, विहित काळ सेवा केलेल्या एजंटाचा करार संपला एवढ्याच कारणावरून त्याचे नूतनीकरण कमिशन कंपनीस थांबविता येत नव्हते, आणि त्याच्या मृत्यूनंतर ते वारसांस मिळे. मुख्य एजंट रागावला वा बुडाला, तरी जुन्या विमापत्रांवरचा एजंटाचा हक्क शाबूत राही. अडत्याच्या उपमेचे साम्य येथे संपते. उचल घेतलेल्या शेतकऱ्यास असे संरक्षण कोणत्याही कायद्याने दिलेले नव्हते.

या शब्दांची खरी कसोटी १९५६ साली लागली. १९ जानेवारी रोजी निघालेल्या वटहुकुमाने आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी तो नभोवाणीवरून जाहीर केला. (महामंडळ प्रत्यक्ष सुरू होण्यापूर्वीच, जुलैमध्ये, मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता.) १ सप्टेंबर रोजी १५४ भारतीय व १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या महामंडळात विलीन झाल्या. महामंडळाच्या कायद्यातील कलम ३६ ने मुख्य व विशेष एजंटांचे सर्व करार त्या दिवसापासून संपुष्टात आणले. मोबदल्यात परिशिष्टात सांगितलेली भरपाई तेवढी दिली. एजंटाचे मात्र तसे झाले नाही. तो कंपनीचा होता. कंपनीच्या देण्यांबरोबर त्याचे देणेही महामंडळाकडे आले. वर्षानुवर्षे दुय्यम मानला गेलेला माणूस टिकला आणि त्याचा आश्रयदाता गेला.

मुख्य एजंटाचे काम संपले असे मात्र नव्हे. एजंट शोधणे, शिकविणे व हिंडविणे हे कोणास तरी करावेच लागणार होते. ते पगारी क्षेत्र अधिकाऱ्याकडे, म्हणजे पुढील डेव्हलपमेंट ऑफिसराकडे, गेले. ३० डिसेंबर १९५७ च्या आदेशाने त्याच्या सेवाशर्ती ठरविल्या. त्याने आणविलेला धंदा व त्याच्यावरील खर्च यांचे प्रमाण हा पुढे दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. कमिशनवाल्यास पगारी करता येते. त्याच्या कामाचे मोजमाप मात्र पुन्हा हप्त्यांच्या बेरजेतच येते.

२०१५ या वर्षी हा इतिहास एका चमत्कारिक वळणावर आला. विमा कायद्याच्या त्या वर्षीच्या दुरुस्तीने प्रिन्सिपल, मुख्य व विशेष एजंटांमार्फत धंदा करण्यास स्पष्ट बंदी घातली, साखळी पद्धतीच्या विक्रीसही मनाई केली, आणि व्यक्तिगत एजंटास एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण व एक आरोग्य विमा कंपनी एवढीच मुभा ठेवली. त्याच वर्षी विमा नियामक प्राधिकरणाने ‘इन्शुरन्स मार्केटिंग फर्म’ या नव्या संस्थेचे नियम केले. अशी फर्म प्रत्येक प्रकारातील दोन कंपन्यांशी करार करू शके. २०२२ मध्ये ही संख्या सहा झाली आणि कार्यक्षेत्र जिल्ह्यावरून राज्यभर वाढले.

या फर्मची उपयुक्तता नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावरील वाडीसारख्या ठिकाणी सहज ध्यानात येते. एका बाजूस अंबाझरीची आयुधनिर्माणी व तिचा पगारी कामगारवर्ग, दुसऱ्या बाजूस मालवाहतुकीच्या पेढ्या व गोदामे. येथील मालमोटारधन्यास गाडीचा, मालाचा, स्वतःच्या प्रकृतीचा व आयुष्याचा असा चौपदरी विमा लागतो, आणि प्रत्येकाचे दर कंपनीगणिक निराळे. एका कंपनीशी बांधलेल्या एजंटास तेथे तुलना करून देता येत नाही. फर्मच्या विक्रेत्यास येते. ग्राहकाच्या बाजूने पाहता ही सुधारणाच म्हटली पाहिजे.

परंतु विक्रेत्याच्या बाजूने पाहिले तर १९५० च्या त्या शब्दांची उणीव भासते. फर्मचा विक्रेता कंपनीच्या वतीने नेमलेला नाही. तो फर्मने नेमलेला आहे. कंपनीचा करार फर्मशी, मोबदला फर्मला, आणि विक्रेत्याचा वाटा फर्मशी असलेल्या त्याच्या करारातून. जुना एजंट मुख्य एजंटास सोडून गेला तरी त्याच्या पॉलिसी त्याच्या नावावर राहत. नव्या विक्रेत्याने फर्म सोडली तर त्याने जमविलेले ग्राहक फर्मच्या वहीत राहतात. २०२३ मध्ये प्राधिकरणाने निरनिराळ्या विमाप्रकारांवरील कमिशनाच्या स्वतंत्र मर्यादा काढून कंपनीच्या एकूण खर्चाची मर्यादा तेवढी ठेवली. त्यामुळे कंपनी फर्मला किती देते आणि त्यातले किती वाडीच्या गोदामांतून फिरणाऱ्या माणसापर्यंत पोचते, हे १९३८ पूर्वीप्रमाणे पुन्हा बहुतांशी कराराच्या कागदावर अवलंबून राहिले आहे.