खोली कुणाच्या नावावर?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९२०च्या दशकातली, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची मुंबई. गिरणगावात एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा माणसं राहत होती. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याच्या वळकटीवर आडवा व्हायचा. जिना, गॅलरी, पदपथ, कुठंही निजायला जागा नव्हती. आणि त्याच वेळी, तिथून फार तर तासाभराच्या चालीवर, वरळीला सरकारनं बांधलेल्या सिमेंट-काँक्रीटच्या चाळीच्या चाळी ओस पडल्या होत्या. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास विचारायची, ‘सर, असं कसं होईल?’ त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मुंबईतल्या घरवाटपाचा बराच इतिहास हाती लागतो. तोच आज थोडक्यात सांगणार आहे.

या चाळी म्हणजे आपल्या बीडीडी चाळी. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, त्याची ही आद्याक्षरं. संकल्प होता पन्नास हजार खोल्यांचा. प्रत्यक्षात उभ्या राहिल्या २०७ इमारती: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजल्यावर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. पैसा उभा करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला होता. म्हणजे ज्या कापसावर गिरण्या चालत, त्याच कापसातून गिरणी कामगाराचं घर व्हायचं होतं. हिशेब कागदावर चोख होता.

पण वरळी तेव्हा शहराच्या कडेला होती. गिरण्या लालबाग-परळच्या अंगाला. पहाटेचा भोंगा झाला की पायी निघायचं, आणि उशीर झाला की खाडा. जवळ बाजार नाही. बाजार नसण्यापेक्षाही वाईट म्हणजे, उधारीवर तांदूळ देणारा ओळखीचा वाणी नाही. कामगाराचं महिनाअखेरचं जेवण त्या उधारीवर चालायचं, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. शिवाय भाडं. सहा जणांनी मिळून जी खोली परवडायची ती एका कुटुंबाला परवडत नव्हती. खोली कुणाला द्यायची, याचा निकष एकच राहिला, तो म्हणजे भाडं भरण्याची ऐपत. ज्यांच्यासाठी बांधल्या, ते तिकडे फिरकले नाहीत. पुढं कायदेभंगाच्या चळवळीत याच वरळीच्या चाळींचा सरकारनं तुरुंग म्हणून वापर केला. घरं म्हणून भरल्या नाहीत त्या खोल्या सत्याग्रहींनी भरल्या.

थोडं मागं जाऊ. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला आणि दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या, पुढं दादर-माटुंगा वसवलं. मुंबई आज जी काही मोकळी दिसते त्याचं श्रेय ट्रस्टला द्यावंच लागेल. पण पाडण्याचा वेग आणि बांधण्याचा वेग यांत फार अंतर होतं. ‘या वस्तीमुळं शहराला रोग होईल का?’ असा ट्रस्टचा पहिला प्रश्न असे. ‘या माणसाला घर हवं आहे का?’ हा प्रश्न नंतरचा. हुसकावलेली माणसं बहुतेक वेळा शेजारच्याच दाटीत शिरत आणि ती अधिक दाट करत. ट्रस्टनं बांधलेल्या चाळी, म्हणजे बीआयटी चाळी, मात्र टिकल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ राहिले. शेजारशेजारच्या दोन खोल्या. एकीत कुटुंब, दुसरीत ग्रंथ आणि भेटायला येणारी माणसं.

१९२१ च्या आकड्यांत मुंबईतला बालमृत्यू हजारी सहाशेच्या वर दिसतो. हा आकडा जरा सांभाळून वाचावा लागतो, कारण कोकणातल्या, घाटावरच्या बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावी नोंदला जाई आणि मृत्यू मुंबईत. तरीही एका खोलीत राहणाऱ्यांतलं प्रमाण इतरांहून कितीतरी जास्त होतं, हे उरतंच. खोली कुणाला मिळते, हा प्रश्न नुसत्या सोयीचा नव्हता.

मग माणसांनी काय केलं? आपलं आपण वाटप केलं. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. गावाच्या मंडळानं खोली भाड्यानं घ्यायची, वर्गणी ठरवायची, आणि गावचा माणूस बोटीतून उतरला की ट्रंक घेऊन तिथं यायचा. माझे वडील अशाच खोलीत पंधरा वर्षं राहिले. खुंटीवर सदरा, खाली ट्रंक, एवढी त्यांची जागा. जेवण खानावळवाल्या बाईंकडं. नोकरी सुटलेल्याची, आजारी पडलेल्याची वर्गणी मंडळ काही महिने मागत नसे. गोव्याच्या माणसांचीही अशीच सोय होती. धोबीतलाव भागात गावागावांचे ‘कूड’ होते. जहाजावर नोकरी मिळेपर्यंत खलाशी, आचारी, वादक तिथं राहत. ज्याला खरी अडचण त्याला आधी जागा, हे तत्त्व कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा या खोल्यांत जास्त पाळलं गेलं, असं मला वाटतं. पण हेही सांगितलं पाहिजे की ही माया गावापुरती आणि जातीपुरती होती. त्याच गावच्या महारवाड्यातला माणूस बोटीतून उतरला तर त्याची ट्रंक त्या खोलीत जात नव्हती. त्याला स्वतःच्या माणसांची वेगळी खोली शोधावी लागे. ओळखीवर चालणाऱ्या वाटपाला ओळखीची कुंपणं असतातच.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं दोन बाजूंनी हात घातला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. जो आत होता तो वाचला. जो बाहेर होता त्याच्यासाठी पागडी सुरू झाली. दुसरीकडं १९४९ मध्ये मुंबई गृहनिर्माण मंडळ कामाला लागलं. १९५२ मध्ये केंद्र सरकारनं औद्योगिक कामगारांसाठी घरांची योजना आणली. मंडळानं बांधलेल्या घरांचा निम्मा खर्च अनुदान, निम्मा कर्ज. विक्रोळीचं कन्नमवार नगर, कुर्ल्याचं नेहरू नगर, चेंबूरचं टिळक नगर, काळाचौकीचं अभ्युदय नगर अशा मंडळाच्या वसाहती पुढच्या काळात उभ्या राहिल्या. पण १९५२ च्या योजनेतला ‘गरजू’ कोण? तर फॅक्टरी कायद्याखाली येणारा कामगार. हमाल, फेरीवाला, घरकाम करणारी बाई, खानावळ चालवणारी बाई या व्याख्येत बसत नव्हत्या. ज्या बाईनं माझ्या वडिलांसारख्या वीस जणांना जेवू घातलं, तिच्यासाठी त्या योजनेत रकाना नव्हता.

अगदी निकडीची गरज म्हणून कायद्यानं ओळखलेला एक वर्ग मात्र मुंबईत आहे. तो म्हणजे पडायला आलेल्या इमारतीतले भाडेकरू. १९६९ च्या कायद्यानं जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीची जबाबदारी मंडळावर टाकली. शहर भागात अशा १९,६४२ इमारती होत्या. इमारत धोकादायक ठरली की रहिवाशांनी संक्रमण शिबिरात जायचं. संक्रमण म्हणजे काही काळापुरतं, असा आपला समज. तिथं मुलं जन्मली, त्यांची लग्नं झाली, नातवंडं शाळेत गेली. मूळ जागी पुन्हा इमारत होऊ शकत नसेल, रस्ता रुंद होणार असेल किंवा भूखंडच अरुंद असेल, तर नाव बृहतसूचीवर घालायचं आणि पर्यायी घराची वाट पाहायची. शिबिरातल्यांचे पुढं अ, ब, क असे गट झाले: मूळ भाडेकरू, त्यांच्याकडून जागा विकत घेतलेले आणि घुसखोर. बृहतसूचीवरच्या २६५ जणांना २०२३ च्या डिसेंबरात संगणकीय सोडतीनं घरं दिली. कुठलं घर कुणाला, हे अधिकाऱ्यानं ठरवायचं नाही म्हणून सोडत. या वाक्यात बराच इतिहास दडलेला आहे.

सोडत आली ती अधिकाऱ्यावरचा विश्वास उडाल्यामुळं. १९७६ चा कायदा झाला, १९७७ च्या डिसेंबरात वेगवेगळी मंडळं एकत्र होऊन म्हाडा झाली. अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च असे उत्पन्नाचे गट पडले. अनुसूचित जातींना ११ टक्के, जमातींना ६, पत्रकारांना अडीच, कलावंतांना २, लोकप्रतिनिधींनासुद्धा २ टक्के. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य हवं, शहरात स्वतःचं घर नको. दुसरीकडं कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या इमारतींतल्या काही सदनिका मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधिकारात होत्या, आणि एकेका घरात दोन-दोन सदनिका गेल्याची प्रकरणं नंतर न्यायालयापर्यंत पोचली. अशा वातावरणात वांद्र्याच्या रंगशारदा सभागृहात पडद्यावर नावं झळकताना पाहणारी माणसं टाळ्या का वाजवत असत, ते मला समजतं. वशिला नाही म्हणजे निम्मा न्याय झाला, असं त्यांना वाटे.

उरलेला निम्मा राहतोच. सोडत गरज पाहत नाही. ब्रिटननं १९७७ मध्ये कायदा करून ठरवलं की बेघरांमध्ये लहान मुलं असलेली कुटुंबं, गरोदर स्त्रिया, म्हातारी आणि आजारी माणसं आधी. त्यावरही तिथं वाद झाले. आपल्याकडं मात्र एकदा उत्पन्नगट आणि आरक्षण ठरलं की दमेकरी म्हातारी आणि धडधाकट तरुण एकाच संगणकात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत ४,०८२ घरांसाठी सुमारे एक लाख वीस हजार अर्ज होते. त्याच सोडतीत ताडदेवची साडेसात कोटींची घरंही होती. ‘परवडणारी’ हा शब्द कुणासाठी, असा प्रश्न त्या वेळी बऱ्याच जणांनी विचारला.

आणि सोडतीच्या आधीची चाळणी असते कागदांची. गिरणी कामगारांच्या घरांचं उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. १९९१ च्या नियमानुसार गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग घरांसाठी यायचा होता. २००१ मध्ये नियम बदलून फक्त मोकळी जमीन वाटपात धरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. वाट्याला आलेली जमीन आक्रसली. घरांसाठी अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या घरात गेले. पात्र कोण? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस. पुरावा म्हणून ओळखपत्र, पगारपावती, भविष्यनिर्वाह निधीचा कागद, ईएसआयचं कार्ड. संप फसल्यावर गावी निघून गेलेल्या, कौलाखाली, पावसात, वाळवीत तीस वर्षं काढलेल्या माणसाकडं हे मागायचं!

पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. पुढं २०१६ मध्ये दोनदा आणि १ मार्च २०२० ला एकदा. चारही मिळून १५,८७० घरं. त्यातली २,४१७ पनवेलजवळ कोनला. उरलेल्यांना शेलू-वांगणीला घरं देण्याचं ठरलं आणि ते नाकारलं तर हक्क सोडल्यासारखं होईल, अशी अट शासन निर्णयात आली. तिच्याविरुद्ध २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आणि त्यांची मुलं आझाद मैदानात जमली. शंभर वर्षांपूर्वी वरळी लांब वाटली होती. आता वांगणी लांब वाटते. कामगार हट्टी आहेत असं म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळची कर्जत लोकल पकडून पाहावी.

इकडं त्या ओस पडलेल्या बीडीडी चाळी पुढं गच्च भरल्या. कामगार आले, पोलिसांची कुटुंबं आली, पोटभाडेकरू आले. पुनर्विकासात रहिवाशाला ५०० चौरस फुटांचं घर मोफत ठरलं. पोलीस कुटुंबांसाठी मात्र बांधकामखर्च आधी ५० लाख, मग २५, आणि २०२२ मध्ये १५ लाखांवर आला. सारख्याच खोलीत राहिलेल्या दोन शेजाऱ्यांना एकाला फुकट, एकाला पंधरा लाख. कारण एकाची खोली भाड्याची आणि दुसऱ्याची सरकारी निवासस्थान म्हणून नोंदलेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या.

वडिलांची गिरणी कधीच पाडली. त्यांचं तिकीट, म्हणजे बिल्ल्यावरचा नंबर, आईला पाठ होता, पण पाठ असलेला नंबर अर्जाला जोडता येत नाही. गावच्या घरातल्या ट्रंकेत ईएसआयचं कार्ड सापडलं, त्यावरचं नाव अर्धं पुसलेलं. कार्यालयातल्या एका वयस्कर कारकुनानं भिंगाखाली ते वाचलं आणि अर्ज घेतला. २०२० च्या यादीत आईनं नातवाकडून तीनदा नाव शोधायला लावलं. तिसऱ्यांदा तिनं त्याला यादीतलं एक नाव मोठ्यानं वाचायला सांगितलं. गावकीच्या खोलीत वडिलांच्या शेजारी ज्यांची ट्रंक असायची, त्यांचं ते नाव होतं. आईनं त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलाला फोन लावला.