चिखलांतील निद्रा

चार्लस् डार्विननें एका फेब्रुवारींत लहानशा तळ्याच्या कांठचा तीन मोठे चमचे चिखल आणून सहा महिने अभ्यासिकेंत झांकून ठेविला. उगवलेलें प्रत्येक रोप तो उपटून मोजी. भरलीं ५३७, आणि चिखल सारा न्याहारीच्या एका पेल्यांत मावणारा! पाणपक्षी बीं दूरवर कसें नेतात, एवढेंच त्याला १८५९ च्या ग्रंथांत दाखवावयाचें होतें.

अमेरिकेंत आयोवाकडील निचरा होऊन नांगराखालीं गेलेल्या कित्येक दलदलींत १९८० नंतर पुन्हां पाणी सांठूं दिलें गेलें. पुष्कळ पाणवनस्पति परतल्या; केरेक्स जातीचे लव्हाळे मात्र क्वचितच. त्यांचें बीं मोठें मिजासखोर: अनेकांना आधीं ओली थंडी हवी, मग उजेड. त्यांतून वर्षानुवर्षांच्या नांगरटींत जुना सांठा सरलेला. शेवटीं बीं बाहेरून गोळा करून, ओल्या थंडींत राखून पेरण्याची पाळी आली.