कॉलेजच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटचं सॉफ्टवेअर: कुठून घ्यायचं, कसं टाकायचं आणि कशाला नाही म्हणायचं

बारावीपर्यंत वणीत शिकलेल्या मुलाचं इंटरनेट म्हणजे मोबाईलचा रिचार्ज. पुढे नाशिक किंवा पुण्याला प्रवेश मिळतो, सेकंडहँड लॅपटॉप येतो आणि पहिल्याच आठवड्यात कळतं की कॅम्पसच्या वायफायचं प्रकरण वेगळं आहे. सिग्नलच्या कांड्या पूर्ण, पण पान उघडत नाही. नोटीस बोर्डावर लिहिलेलं असतं, 'इंटरनेटसाठी क्लायंट इन्स्टॉल करा'. कोणीतरी सीनियर पेनड्राइव्ह पुढे करतो, 'हे टाक, चालू होईल.' बरेच जण टाकतातही.

तो पेनड्राइव्ह घेण्याआधी हे सॉफ्टवेअर नक्की काय काम करतं, ते बघू.

मोबाईलला हे का लागत नाही?

मोबाईलमध्ये सिम असतं. सिममध्ये एक गुप्त किल्ली असते आणि तीच किल्ली कंपनीकडेही असते. फोन चालू केला की दोघं एकमेकांशी बोलतात, तुमची ओळख पटते आणि नेट सुरू होतं. पासवर्ड टाकायची वेळच येत नाही.

साध्या लॅपटॉपला किंवा लॅबमधल्या पीसीला सिम नसतं. विद्यापीठाला मात्र कोण आत येतंय ते माहीत हवं असतं, कारण उद्या त्यांच्या नेटवर्कवरून काही गैरप्रकार झाला तर विचारणा त्यांनाच होणार. म्हणून सिमचं काम सॉफ्टवेअरला करावं लागतं. कॅम्पसवर 'इंटरनेटचं सॉफ्टवेअर' म्हणून जे काही देतात, त्यातलं बहुतेक ओळख पटवण्यासाठीच असतं.

पूर्वी खरंच इंटरनेट 'टाकावं' लागायचं

आज विंडोज असो की लिनक्स, इंटरनेटची भाषा, म्हणजे टीसीपी-आयपी, आतच असते. विंडोज ३.१ मध्ये ती नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठात काम करणाऱ्या पीटर टॅटम यांनी 'ट्रम्पेट विनसॉक' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि जगभरातल्या लाखो पीसींना तो लागला. हा शेअरवेअर होता, म्हणजे आवडलं तर पैसे पाठवा. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर तो सगळीकडे पोचला, पैसे पाठवणारे मात्र थोडेच निघाले. त्या काळची बरीचशी कामाची सॉफ्टवेअर्स विद्यापीठांतूनच आली: फाइल पाठवायचं 'कर्मिट' कोलंबिया विद्यापीठातून, 'युडोरा' हे ईमेलचं आणि 'मोझेक' हा ब्राउझर इलिनॉय विद्यापीठातून.

आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात बंगळुरूची आयआयएससी, तेव्हाच्या ५ आयआयटी, मुंबईची एनसीएसटी आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग अशा ८ संस्था होत्या. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५०० रुपयांचं 'शेल' खातं होतं. त्यात नुसती अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. चित्रांसकट इंटरनेट हवं तर टीसीपी-आयपी खातं घ्या, त्याचे १५,००० रुपये! मग 'स्लर्प' नावाचा छोटा प्रोग्रॅम असल्या शेल खात्याला टीसीपी-आयपीसारखं वागायला लावायचा. विद्यार्थी म्हटल्यावर जुगाड आलाच.

त्या काळातली एक अडचण आजही तशीच आहे. इंटरनेट चालू करायला सॉफ्टवेअर हवं आणि सॉफ्टवेअर उतरवायला इंटरनेट हवं. तेव्हा मध्ये फ्लॉपी यायची, आज सीनियरचा पेनड्राइव्ह येतो. खरं तर आज त्याची गरज नाही, कारण इंटरनेट तुमच्या खिशातच आहे. मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट अँड टेदरिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा आणि सॉफ्टवेअर थेट विद्यापीठाच्या साइटवरून उतरवा. या फाइल्स सहसा लहानच असतात, दिवसाच्या डेटा पॅकमध्ये काम आटोपतं.

विद्यापीठाची खरी साइट ओळखायची एक सोपी खूण आहे. 'डॉट एसी डॉट इन' आणि 'डॉट ईडीयू डॉट इन' ही नावं भारतात फक्त अर्नेट इंडिया देते आणि तीही शिक्षणसंस्थांनाच. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची साइट 'युनिपुणे डॉट एसी डॉट इन' आहे ती त्यामुळेच. नुसतं 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' कोणीही विकत घेऊ शकतो. गुगलवर पहिला आलेला 'फ्री डाउनलोड' दुवा तर बघूही नका. टेलिग्राम ग्रुपवरच्या फाइलचंही तेच.

तुमच्याकडे नेमकं काय मागतायत?

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे पोर्टल. वायफाय जोडलं की लॉगिनचं पान येतं, तिथे आयडी आणि पासवर्ड टाकायचा. यात काहीच इन्स्टॉल करायचं नसतं. पान आपोआप येत नसेल तर दोन-तीन गोष्टी तपासा. ब्राउझरमध्ये 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' उघडा. ही साइट मुद्दाम बिनकुलपाची, म्हणजे एचटीटीपीएस नसलेली ठेवली आहे, त्यामुळे पोर्टलला तुम्हाला स्वतःच्या पानावर वळवता येतं. फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला कोणी ठरावीक नाव भरून ठेवलं असेल तर तेवढ्यापुरतं ते बंद करा. कॉलेजने तुमच्या डिव्हाइसचा मॅक पत्ता नोंदवून घेतला असेल तर आणखी एक गंमत होते: अँड्रॉइड १० पासून फोन प्रत्येक वायफायला खोटा, रँडम मॅक पत्ता सांगतो. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'यूज डिव्हाइस मॅक' निवडलं की काम होतं. अर्ध्याअधिक 'सर, नेट चालत नाही' तक्रारी इथेच मिटतात.

दुसरा प्रकार लॉगिन क्लायंट. पोर्टलचंच काम करणारा हा प्रोग्रॅम टास्कबारच्या कोपऱ्यात बसतो आणि दर थोड्या वेळाने फायरवॉलला 'मी अजून आहे' असं कळवतो. बहुतेक ठिकाणी क्लायंटऐवजी पोर्टलनेही भागतं. भागत असेल तर पोर्टलच वापरा. मशीनवर जितके प्रोग्रॅम कमी, तितकं बरं.

तिसरा प्रकार व्हीपीएन. घरी, म्हणजे वणीत बसून, कॅम्पसच्या आतल्या सर्व्हरवर जायचं असेल तर तो लागतो. पण नुसते जर्नल किंवा पुस्तकं वाचायला व्हीपीएन टाकायची घाई करू नका. इन्फ्लिबनेटची 'एन-लिस्ट' योजना कॉलेजांसाठी आहे आणि ती आयडी-पासवर्डवर घरूनही चालते. आधी ग्रंथपालांना विचारा. आपलं कॉलेज त्यात आहे हे अनेक विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षापर्यंत कळत नाही.

चौथा प्रकार आहे एंटरप्राइझ वायफायचं प्रोफाइल. सगळ्यात जास्त चुका यात होतात.

प्रोफाइल आणि सर्टिफिकेट

घरच्या वायफायला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड असतो. एंटरप्राइझ वायफायमध्ये प्रत्येकाचा वेगळा आयडी आणि वेगळा पासवर्ड. 'ईडुरोम' हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. १०० हून अधिक देशांत चालतं, भारतात ते अर्नेट इंडिया बघते आणि आयआयटी मुंबईसारख्या संस्था त्यात आहेत. आपल्या संस्थेचा आयडी घेऊन दुसऱ्या संस्थेत गेलात तरी तिथलं वायफाय आपोआप जोडलं जातं.

आता धोका कुठे आहे ते बघा. वणीच्या स्टँडबाहेर 'नाशिक, नाशिक' ओरडणारी प्रत्येक गाडी एसटी नसते. वायफायचं नाव हा असाच पुकारा आहे. मी माझ्या लॅपटॉपवर तुमच्या कॉलेजच्या नावाचं वायफाय पाच मिनिटांत उभं करू शकतो आणि तुमचा फोन ओळखीचं नाव ऐकून चढून बसेल. मग तो लॉगिनचा प्रयत्न करेल आणि ते पासवर्डचं देणंघेणं माझ्या हातात पडेल. यासाठी सर्रास वापरली जाणारी एमएस-चॅप व्ही२ ही पद्धत एका दिवसात फोडता येते, हे २०१२ मध्ये डेफकॉन परिषदेत दाखवून झालंय. अनेक ठिकाणी हाच पासवर्ड कॉलेजच्या ईमेलला आणि परीक्षेच्या पोर्टललाही असतो, तेव्हा नुकसान फक्त वायफायपुरतं राहत नाही.

यावर उपाय म्हणजे सर्टिफिकेट. समोरचा सर्व्हर खरोखर विद्यापीठाचाच आहे का, हे फोन त्यावरून तपासतो आणि मगच पासवर्डचा विषय काढतो. पूर्वी अँड्रॉइडमध्ये 'डू नॉट व्हॅलिडेट' असा पर्याय होता आणि सगळे सीनियर तोच निवडायला सांगायचे. अँड्रॉइड ११ च्या डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून गुगलने तो काढायला सुरुवात केली. तेव्हा कॅम्पसवर खूप आरडाओरड झाली, पण निर्णय बरोबर होता. विंडोजवर अजूनही 'कनेक्ट करत राहायचं का?' असा प्रश्न येतो आणि लोक न वाचता 'कनेक्ट' दाबतात.

ही सगळी सेटिंग्ज हाताने भरू नका. ईडुरोमसाठी 'गेटईडुरोम' हे ॲप अँड्रॉइड, आयफोन आणि विंडोजवर मिळतं. संस्थेचं नाव निवडायचं, आयडी-पासवर्ड टाकायचा, सर्टिफिकेटसकट प्रोफाइल तयार. तुमच्या कॉलेजचं स्वतःचं इन्स्टॉलर असेल तर तेही हेच करतं. विंडोजवर चालवण्याआधी फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा. तिथे सही करणाऱ्या कंपनीचं किंवा संस्थेचं नाव दिसायला हवं. तो टॅबच नसेल तर फाइल खोटीच आहे असं नाही, पण कॉम्प्युटर विभागात विचारून मगच पुढे जा.

नाही कधी म्हणायचं?

सर्टिफिकेट दोन जातींचं असतं आणि हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. अँड्रॉइड ११ च्या पुढच्या फोनमध्ये सर्टिफिकेट टाकायला गेलात की तीन पर्याय दिसतात: सीए सर्टिफिकेट, व्हीपीएन आणि ॲपचं, आणि वायफाय सर्टिफिकेट. एंटरप्राइझ वायफायसाठी फक्त शेवटचं लागतं. ते फक्त वायफाय जोडताना वापरलं जातं, बाकी तुमच्या ब्राउझिंगशी त्याचा संबंध नाही.

'सीए सर्टिफिकेट' टाकायला सांगत असतील तर मामला वेगळा आहे. याचा अर्थ बहुधा असा की फायरवॉल तुमचं एचटीटीपीएसचं कुलूप मध्येच उघडणार, आतलं तपासणार आणि स्वतःचं कुलूप लावून पुढे पाठवणार. ब्राउझरमधला मेल, सर्च, टाकलेले पासवर्ड, सगळं त्या मशीनला वाचता येतं. फोन स्वतःच इशारा देतो की तुमचा डेटा खाजगी राहणार नाही, आणि नंतर 'नेटवर्कवर लक्ष ठेवलं जाऊ शकतं' अशी सूचना दाखवतो. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक ॲप्स असल्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून ते टाकल्यावरही काही ॲप्स चालत नाहीत आणि विद्यार्थी गोंधळतात. ब्राउझर मात्र विश्वास ठेवतो.

कॉलेजने स्वतःच्या लॅबमधल्या पीसीवर हे करणं मी समजू शकतो. मशीन त्यांची, नियम त्यांचे. स्वतःच्या फोनवर मात्र माझं उत्तर नाही असंच आहे. ज्या फोनवर घरच्यांचे फोटो आणि वडिलांच्या खात्याचं नेट बँकिंग आहे, त्यावर तर नाहीच. अभ्यासापुरता मोबाईल डेटा वापरा, बाकी लॅबमध्ये करा.

लॅबच्या पीसीवर

इथे सहसा तुम्हाला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क नसतात आणि अनेक ठिकाणी मशीन रीस्टार्ट झालं की आधीच्या अवस्थेत परत जातं. तुम्ही टाकलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी गायब झालं तर तो व्हायरस नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. काही हवं असेल तर लॅब असिस्टंटला मशीनचा नंबर सांगून लेखी विनंती द्या. ते एकदाच मूळ प्रतीत टाकतात आणि सगळ्या मशीनवर येतं. पोर्टेबल व्हर्जन पेनड्राइव्हवरून चालवायचा मोह आवरा. लॅबचे पीसी आणि पेनड्राइव्ह यांची एकमेकांना लागण लावण्याची जुनी दोस्ती आहे.

सामायिक पीसीवर वायफायचं प्रोफाइल किंवा क्लायंटमध्ये पासवर्ड सेव्ह करू नका, आणि उठताना पोर्टलमधून लॉगआउट करा. नुसता ब्राउझर बंद केल्याने सेशन संपेलच असं नाही. तुमच्यामागून त्या खुर्चीवर बसलेला जे उघडेल, ते फायरवॉलच्या लॉगमध्ये तुमच्या आयडीवर पडेल, आणि चौकशी झाली तर आधी बोलावणं तुम्हालाच येईल.

कॉलेज संपल्यावर

शेवटच्या सेमिस्टरनंतर आयडी बंद होतो, पण सॉफ्टवेअर तुमच्याच मशीनवर राहतं. विंडोजमध्ये 'इन्स्टॉल्ड ॲप्स'मधून क्लायंट आणि व्हीपीएन काढा, 'मॅनेज नोन नेटवर्क्स'मध्ये जाऊन कॉलेजच्या वायफायला 'फर्गेट' करा. फोनमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'सर्टिफिकेट' लिहून शोधा, 'यूजर क्रेडेन्शियल्स'मध्ये जे सापडेल ते बघा. 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स'मधला 'यूजर' टॅबही उघडा. तुम्ही स्वतः कधी काही टाकलं नसेल तर तो रिकामा असायला हवा. विंडोजमध्ये स्टार्टला 'सर्ट-एमजीआर' असं इंग्रजीत टाइप केलं की अशीच यादी उघडते, पण तिथली ओळखीची नसलेली प्रत्येक नोंद उडवू नका, बरीचशी विंडोजची स्वतःची असतात. कॉलेजच्या किंवा फायरवॉल कंपनीच्या नावाची असेल तेवढीच काढा.