मुंबईची वेळ आणि संगणकाची एक ओळ

आमचे कन्नड ७५ पूर्व रेखांशाच्या किंचित पूर्वेस आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने इथली स्थानिक वेळ ग्रीनिचच्या सुमारे पाच तास पुढे आणि भारतीय प्रमाणवेळेच्या जवळजवळ अर्धा तास मागे पडते. मनगटावर बारा वाजतात तेव्हा गौताळ्याच्या डोंगरावरचा सूर्य साडेअकराच्या आसपास असतो. आम्ही हे निमूट सोसतो. मुंबईकरांनी मात्र सोसले नव्हते.

१८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी रेल्वेच्या सोयीची मद्रास वेळ मुंबईवर लादली. ती शहराच्या वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती. विरोध इतका झाला की १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ रोजी साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली आणि भांडण पुन्हा पेटले, कारण आता फरक ३९ मिनिटांचा होता. गिरणी कामगाराच्या दृष्टीने हा आकडा निव्वळ आकडा नव्हता; तेवढ्या अंधारात उठून भोंग्याला हजर राहायचे होते. नगरपालिकेची घड्याळे तर स्वातंत्र्यानंतरही काही काळ जुन्याच वेळेने चालत राहिली.

या भांडणाचा संगणकाशी संबंध काय, असे वाचक विचारतील. जगातील बहुसंख्य यंत्रे वेळेचा इतिहास एका सार्वजनिक कोशातून घेतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला. १९७० नंतर ज्यांची घड्याळे वेगळी चालली, त्यांनाच त्यात स्वतंत्र नोंद मिळते. म्हणून भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ ही एकच नोंद आहे. १९०० सालची मुंबईची वेळ तिला विचारली, तर उत्तर मद्रासचे येते: ५ तास २१ मिनिटे १० सेकंद. फर्ग्युसनसाहेबांना जे जमले नाही ते असे सहज झाले! (२०११ मध्ये याच कोशावर ज्योतिषाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीने दावा लावला होता, पुढल्या वर्षी तो मागे घेतला.)

आता कुणी हट्टाने ‘एशिया/बॉम्बे’ लिहिले तर? अशी नोंद नाही. पण ग्नू प्रणालीचे सी-ग्रंथालय ‘चूक’ म्हणत नाही; ते ग्रीनिचची वेळ देते आणि तिच्यापुढे ‘एशिया’ असे नाव लावते. खोट्या वेळेला खरे नाव! संक्षिप्त रूपाची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे पश्चिम धन आणि पूर्व ऋण, म्हणून भारतासाठी ‘आयएसटी’पुढे उणे साडेपाच लिहावे लागते. कुणी भोळेपणाने अधिक लिहिले, तर घड्याळ मुकाट्याने अकरा तास मागे जाते.

धोका इथेच संपत नाही, कारण ही ओळ एखाद्या फाइलचा पत्ताही असू शकते. वापरणाऱ्यापेक्षा मोठ्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमने तो पत्ता डोळे मिटून उघडला, तर घड्याळाच्या वाटेने परका माणूस आत शिरतो. म्हणून अशा प्रोग्रॅमपुरते हे ग्रंथालय आपल्या ठरावीक जागेबाहेरचे पत्ते नाकारते. त्याच्या २.१५ पूर्वीच्या आवृत्त्यांत दोष होता तो फाइलच्या आत. फाइल स्वतःच्या नोंदींची संख्या सांगे आणि ग्रंथालय ती न पारखता बेरीज करून जागा मागे. आकडे मुद्दाम अवाढव्य दिले की बेरीज मर्यादेबाहेर जाऊन लहान होई, जागा अपुरी मिळे आणि मजकूर शेजारच्या स्मृतीवर सांडे. पुढे ती बेरीज करण्यापूर्वी आकडे तपासले जाऊ लागले.