डॉस ते स्टीम डेक : गेम नक्की चालवतं कोण?

डॉसला गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. चित्र कसं काढायचं, आवाज कुठून काढायचा, यातलं काहीही त्याच्याकडे नव्हतं. फ्लॉपीवरची फाइल उचलायची, मेमरीत टाकायची आणि बाजूला व्हायचं, एवढंच ते करी. गेम लिहिणाऱ्यांना नेमकं तेच हवं होतं. एकदा गेम सुरू झाला की अख्खं यंत्र त्याचं. व्हीजीए कार्डाच्या मेमरीत थेट ठिपके लिहायचे, आडवे ३२०, उभे २००, रंग २५६, आणि मध्ये विचारणारं कुणी नाही. १९८१ साली आयबीएमच्या पीसीबरोबर आलेली ही कामचलाऊ सिस्टिम नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत गेमची हक्काची जागा होती ती यामुळे. स्वतःच्या गुणांमुळे नव्हे, तर मध्ये न येण्यामुळे.

या मोकळीकीची किंमत खेळणारा मोजत असे. साध्या प्रोग्रॅमला मिळणारी मेमरी ६४० किलोबाइट, आणि त्यातच माऊसचा, सीडी-रॉमचा असे सगळे ड्रायव्हर घुसून बसलेले. मग ‘कॉन्फिग डॉट सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ या दोन फाइलींतल्या ओळी खालीवर करायच्या आणि चार किलोबाइट सुटले की आनंद मानायचा. साऊंड ब्लास्टर कार्ड असलं तर गेम आधी तोंडी परीक्षा घेई : पत्ता २२०, आयआरक्यू ५ की ७, डीएमए १? उत्तर चुकलं की गेम मुका. एकेका गेमसाठी वेगळी बूट फ्लॉपी बाळगणारे लोक होते, आणि त्यांना कुणी वेडं म्हणत नसे.

महाराष्ट्रातल्या नव्वदच्या दशकातल्या कॉम्प्युटर क्लासांमध्ये जे पोहोचलं ते याच काळातलं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आणि ‘डेव्ह’. डेव्ह लिहिणारा जॉन रोमेरो पुढे आयडी सॉफ्टवेअर या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला, आणि त्या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’ बाहेर काढला. डूम खेळायचा डॉसवर, पण तो घडला मात्र नेक्स्ट कंपनीच्या यंत्रांवर, नेक्स्टस्टेप या सिस्टिमवर. आजच्या मॅकची सिस्टिम याच नेक्स्टस्टेपच्या वंशातली. गेमच्या इतिहासातलं सगळ्यांत गाजलेलं बाळ ज्या घराण्यात जन्मलं, त्याच घराण्याला आज गेमसाठी कुणी विचारत नाही.

मायक्रोसॉफ्टची अडचण वेगळी होती. लोकांनी डॉस सोडून विंडोजवर यावं यासाठी त्यांचा आटापिटा चाललेला, आणि गेम खेळायचा म्हटलं की लोक विंडोज बंद करून डॉसवर परतत. विंडोज ३.१ मध्ये पडद्यावरचा प्रत्येक ठिपका सिस्टिमच्या हातून जाई. पत्ते खेळायला ते ठीक, धावत्या राक्षसांना नाही. १९९४ साली विनजी नावाची एक मधली वाट काढली गेली. तिच्या भरवशावर डिस्नेने ‘लायन किंग’चा गेम त्याच नाताळात विकला, आणि कॉम्पॅकच्या काही नव्या प्रेसारियो यंत्रांवर, तिथल्या डिस्प्ले ड्रायव्हरशी न जुळल्याने, तो कोसळू लागला. नाताळच्या सकाळी भेट उघडून बसलेली पोरं आणि समोर निळा पडदा. विंडोजवर गेम म्हणजे धोका, हे गेमवाल्यांचं मत त्या दिवशी पक्कं झालं.

डायरेक्टएक्सचं मूळ या नामुष्कीत आहे. ॲलेक्स सेंट जॉन, क्रेग आयस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम या मायक्रोसॉफ्टमधल्या तिघांनी गेम आणि हार्डवेअर यांच्यामध्ये एक दुभाषा बसवायचं ठरवलं. गेमने त्याच्याशी एकाच भाषेत बोलायचं. पुढे कार्ड कुणाचं, ड्रायव्हर कुठला, ते दुभाषा बघेल. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं आणि पुढच्याच महिन्यात डायरेक्टएक्सची पहिली आवृत्ती. गेमवाल्यांना पटावं म्हणून बिल गेट्स स्वतः एका फिल्ममध्ये डूमच्या बोळांतून बंदूक घेऊन फिरले. आज ती फिल्म बघताना हसू येतं, पण त्या हास्यास्पद सोंगामागे धंद्याची समज पक्की होती. आयआरक्यू आणि डीएमएच्या जाचातून सुटलेला खेळाडू पुन्हा डॉसकडे बघणार नव्हता.

माझं म्हणणं असं की ‘गेमसाठी उत्तम सिस्टिम’ या प्रश्नाचा निकाल त्या वर्षी लागला, आणि तो सिस्टिमच्या चांगुलपणावर लागलाच नाही. विंडोज ९५ दिवसातून दोनदा गोठत असे. पण दुभाषा त्याचा होता, आणि तो दुसऱ्या कुणाकडे नोकरीला जाणार नव्हता. ओपनजीएल हा दुसरा, सगळ्या सिस्टिमवर चालणारा दुभाषा उपलब्ध होता. डूमचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक तर जाहीरपणे त्याच्या बाजूने भांडला. तरी काळाच्या ओघात बहुतेक गेम डायरेक्टएक्सच्या भाषेत लिहिले जाऊ लागले. पुढे २००७ मध्ये डायरेक्टएक्स १० फक्त नव्या विंडोज व्हिस्टावर मिळेल असं ठरवून मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोज एक्सपीवर सुखाने खेळणाऱ्यांना ढकलून पाहिलं. लोक ढकलले गेले नाहीत, चिडले मात्र.

मॅकची गोष्ट थोडक्यात आटपते. १९९९ च्या उन्हाळ्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी मॅकवर्ल्डच्या मंचावरून बंजी कंपनीचा ‘हेलो’ मोठ्या अभिमानाने दाखवला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने बंजीच विकत घेतली, आणि २००१ साली हेलो एक्सबॉक्सवर आला. त्यानंतर ॲपलने जुने गेम चालवण्याची फिकीरही फारशी केली नाही. २०१९ च्या कॅटलिना या मॅकच्या सिस्टिमच्या आवृत्तीने ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात बंद केले, आणि विकत घेतलेले कितीतरी गेम निव्वळ आयकॉन उरले.

लिनक्सचा पहिला प्रयत्न प्रामाणिक होता आणि फसला. १९९८ साली निघालेल्या लोकी सॉफ्टवेअरने ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’सारखे गेम लिनक्सवर आणून विकले. पण गेम तिकडे येईपर्यंत विंडोजवाले तो संपवून मोकळे झालेले असत, आणि लिनक्सवाल्याच्या यंत्रात गेमपुरतं विंडोज बहुधा असेच. २००२ च्या सुरुवातीला लोकीला टाळं लागलं. आपल्याकडे तर लिनक्स फुकट आहे या युक्तिवादाला धारच नव्हती. लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या यंत्रात विंडोज ‘टाकून’ मिळे, त्याचे पैसे कुणी वेगळे मोजत नसे. सायबर कॅफेत लॅनवर ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्या पोरांना खाली कुठली सिस्टिम आहे, हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं.

काउंटर-स्ट्राइक ज्या कंपनीचा, त्या व्हॉल्व्हचा मालक गेब न्यूवेल. या सगळ्या वंशावळीतला सर्वांत मजेदार माणूस हाच. मायक्रोसॉफ्टमध्ये असताना डूम विंडोजवर आणण्याचं काम त्याच्याच हाताखाली झालं, म्हणजे डॉसवरची गर्दी हलवणाऱ्यांत तो होता. १९९६ मध्ये त्याने नोकरी सोडली, माइक हॅरिंग्टनबरोबर व्हॉल्व्ह काढली, २००३ मध्ये स्टीम हे गेमचं दुकान उघडलं. २०१२ साली विंडोज ८ आलं ते मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान घेऊन, आणि न्यूवेल हादरला. पीसीच्या जगावरची आपत्ती, अशा अर्थाचे शब्द त्याने जाहीरपणे वापरले. पण ही आपत्ती खेळाडूंवर होती त्याहून जास्त त्याच्या दुकानावर होती, हे विसरू नये. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं. २०१५ ची स्टीम मशीन्स सपशेल पडली, कारण लोकीचीच जुनी अडचण : गेम विंडोजचे.

मग व्हॉल्व्हने युक्ती बदलली. गेमवाल्यांना लिनक्सवर या म्हणून विनवण्याऐवजी विंडोजचे गेम आहेत तसेच लिनक्सवर चालवायचे. वाइन हा प्रकल्प १९९३ पासून हे काम करत होता. विंडोजच्या प्रोग्रॅमने मारलेल्या प्रत्येक हाकेला तो लिनक्सवर ओ देई. अडत होतं ते थ्रीडी चित्रांपाशी. फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रॅमरला ‘निअर : ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता, आणि त्यासाठी त्याने डायरेक्टएक्सच्या आज्ञांचं व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या दुभाषाच्या भाषेत भाषांतर करणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. व्हॉल्व्हने त्याला पाठबळ दिलं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन व डीएक्सव्हीके मिळून प्रोटॉन आलं. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुभाषाची भाषा आता परक्या घरात हुबेहूब बोलली जाऊ लागली. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेलं हातात मावणारं स्टीम डेक याच पायावर उभं आहे, आणि कित्येक गेम त्यावर खेळणाऱ्याला आतल्या भाषांतराचा पत्ताही लागत नाही.

यातली खोच लिनक्सवाल्यांना बोचते. प्रोटॉन इतकं चांगलं निघालं की लिनक्ससाठी वेगळा गेम बनवायचं कारणच संपलं. लिनक्स जिंकतंय ते विंडोजची भाषा बोलून. स्टीमच्या दरमहाच्या पाहणीत विंडोजचा वाटा आजही शेकडा नव्वदच्या वर आहे.

आणि एक दरवाजा अजून बंदच आहे : चीट पकडणारे प्रोग्रॅम. ‘व्हॅलोरंट’चा व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, यंत्र सुरू होतानाच जाऊन बसतो, लिनक्सवर त्याला जागा नाही, त्यामुळे व्हॅलोरंटही नाही. ‘फोर्टनाइट’चा नकार आहेच. २०२४ च्या अखेरीस ‘एपेक्स लेजेंड्स’ने चीटिंगचं कारण देऊन लिनक्सची दारं लावली, तोवर तो स्टीम डेकवर व्यवस्थित चालत होता. तंत्र तेच होतं, मर्जी बदलली.

म्हणून दुकानात कुणी गेमिंगसाठी कोणती सिस्टिम टाकू असं विचारलं, तर आधी गेमचं नाव सांगावं. व्हॅलोरंट असेल तर विंडोज, दुसरा पर्याय नाही. एकट्याने खेळायचे, कथेचे गेम असतील आणि ग्राफिक्स कार्ड एएमडीचं असेल, तर लिनक्स घालायला हरकत नाही. विंडोजचा परवाना रीतसर विकत घेणाऱ्याचे त्यात काही हजार वाचतात.