सरस्वतीबाईंचा अंधार आणि परत आलेला रोल

घरात जुना एक्स-रे असला की भंगारवाला तो वेगळा मागून घेतो, पाहिलं असेल तुम्ही. त्यात चांदी असते म्हणून. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोच्या निगेटिव्हमध्येही चांदीच असते. आज त्या रोलबद्दल बोलू. तो बायकांच्या हातून कसा गेला, बंद कसा पडला, आणि थोड्या माणसांनी तो परत कसा उभा केला.

रोल म्हणजे एक पारदर्शक पट्टी. तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात चांदीच्या क्षाराचे बारीक कण. उजेड पडला की कण बदलतात, आणि औषधाच्या पाण्यात बुडवले की काळे होतात. जिलेटिन जनावरांची हाडं-कातडी उकळून काढतात. साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीला कोडं पडलं होतं, की काही जिलेटिनची फिल्म चांगली निघते आणि काहीची मंद का? शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने शोध लावला, की गुरांनी मोहरीच्या जातीची झाडं खाल्लेली असली तर त्यातलं गंधक जिलेटिनमध्ये उतरतं आणि फिल्म तेज होते. चारा बदलला की दूध बदलतं हे आपल्याला आधीपासून ठाऊक आहे. त्यांना प्रयोगशाळा लागली.

आता सरस्वतीबाई फाळके. दादासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन आले. कॅमेरा, फिल्म छापायचं यंत्र आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र अशी सामग्री त्यांनी तिथून आणली. तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय मिळायची, आणि कडेला भोकं नसली तर कॅमेऱ्याचे दात तिला पुढे ओढू शकत नाहीत. हे भोकं पाडायचं काम सरस्वतीबाईंनी केलं. दिवसा करता येत नव्हतं, कारण उजेड लागला की फिल्म वाया. म्हणून ते रात्री, अंधाऱ्या खोलीत.

मी एकदा हिशोब मांडून पाहिला. बचत गटाच्या वह्या लिहून सवयच लागली आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फूट लांब. एका फुटात १६ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीच्या दोन्ही कडांना चार-चार भोकं. म्हणजे एका फुटाला १२८ भोकं आणि सगळ्या चित्रपटाला पावणेपाच लाखांच्या आसपास. हा फक्त एका प्रतीचा हिशोब. वाया गेलेली फिल्म आणि छापायच्या प्रती वेगळ्या. यंत्र होतं खरं, पण ते हाताने चालवायचं.

याशिवाय फिल्म धुवायची औषधं कालवणं, चित्रीकरणात ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभं राहणं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. पैसे उभे करायला अंगावरचे दागिनेही गेले. तारामतीचं काम करा म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. मग ती भूमिका साळुंके या पुरुषाने केली. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लोकांसमोर आला. १९६९ पासून सरकार दादासाहेबांच्या नावाने मोठा पुरस्कार देतं, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या मते त्या भोकांची मजुरी अजून बाकी आहे.

पुढे देशाने स्वतःची फिल्म बनवायचं ठरवलं. १९६० मध्ये उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिथली हवा थंड आणि धूळ कमी. ‘इंदू’ नावाने तिचा माल यायचा. १९९० नंतर कर्ज आणि बाहेरचा माल यांच्या ओझ्याखाली ती खचत गेली. तोवर डिजिटल कॅमेरे आले, नंतर मोबाईल. २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

रोल संपला असंच सगळ्यांना वाटलं. पण गोष्ट तिथे थांबली नाही.

इंग्लंडची इलफर्ड ही जुनी कंपनी २००४ मध्ये बुडाली. पुढच्या वर्षी तिथल्याच सहा व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन हार्मन नावाने चालू ठेवली. काळ्या-पांढऱ्या रोलला गिऱ्हाईक कमी उरलं होतं, पण जे होतं ते पक्कं होतं. नेदरलँड्समध्ये एन्स्केडे गावात पोलरॉइडचा कारखाना २००८ मध्ये बंद होत होता. यंत्रं भंगारात जाणार, तेवढ्यात काही जणांनी पैसे जमवून ती घेतली आणि जुने दहाएक कामगार परत बोलावले. अडचण अशी, की औषधं पुरवणारेही धंदा सोडून गेले होते. सगळी कृती नव्याने शोधावी लागली. २०१० मध्ये पहिली फिल्म आली तेव्हा फोटो फिके येत, आणि कॅमेऱ्यातून निघताच उजेडापासून झाकून ठेवावे लागत. तरी लोकांनी विकत घेतली. नव्या गटाचे पहिले पापड शेजारणी घेतात, तसंच हे.

इटलीत फेरानिया नावाच्या कारखान्यासाठी २०१४ मध्ये साडेपाच हजारांवर लोकांनी आगाऊ वर्गणी दिली. फिल्म हातात यायला २०१७ उजाडलं. इतका उशीर झाला म्हणून पुष्कळ जण चिडले, आणि वर्गणीदाराने चिडायलाच हवं. पण अवाढव्य यंत्रं थोडक्या मालासाठी चालवणं किती कठीण, हेही त्यातून दिसतं. दिवसाला टनावारी माल काढायला बांधलेली चक्की चार पायल्यांसाठी कशी फिरवायची? या सगळ्यांना मुख्य काम तेच करावं लागलं, यंत्र छोटं करायचं.

चांदूर बाजारात आता रोल कोणी मागत नाही, पण घराघरांत त्याचं उरलेलं पडलं आहे. आपल्या गटांतल्या कित्येक म्हाताऱ्या बायांचा तरुणपणीचा एकच फोटो आहे, लग्नातला. तोही ओल लागून गेला असेल, तर निगेटिव्ह हाच शेवटचा आधार. दिवाळीच्या सफाईत त्या पट्ट्या आधी कचऱ्यात जातात. कागदाच्या पाकिटात घाला, प्लास्टिकमध्ये नको, आणि कोरड्या जागी ठेवा. स्टुडिओत जायचं नसेल तर एका मोबाईलचा पांढरा पडदा लावा. त्यावर थोडं अंतर ठेवून निगेटिव्ह धरा आणि दुसऱ्या मोबाईलने फोटो घ्या. मग फोटो सुधारायच्या ॲपमध्ये रंग उलटे करा. काळा चेहरा उजळ होईल आणि आजी ओळखू येईल. पुढच्या महिन्याच्या बैठकीला आपापल्या पट्ट्या घेऊन या, दोन मोबाईल मी ठेवते.