शब्दांच्या डावाची शीव

शीव म्हणजे हद्द. शेताची शीव, गावाची शीव असे आपण अजूनही म्हणतो. मुंबई बेट जेथे संपे आणि खाडीपलीकडे साष्टी लागे, त्या टोकाच्या वस्तीला आपल्या पूर्वजांनी सरळ 'शीव' हेच नाव देऊन टाकले. इंग्रजांनी ते आपल्या लिपीत लिहिले, पुढच्या पिढ्यांनी ते त्या लिपीतून उलट वाचले आणि शीवेचे 'सायन' झाले. हद्द राखण्यासाठी गव्हर्नर आँजियरच्या अमदानीत, 1669 ते 1677 च्या दरम्यान, इथल्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. आणि हद्द ओलांडण्यासाठी 1805 मध्ये शीव ते कुर्ला असा बांध पुरा झाला. हद्द राखावयाची आणि ओलांडावयाचीही, हा या जागेचा जुना स्वभाव आहे. पायथ्याच्या कोळीवाड्यात कोळ्यांची मराठी होतीच. 1947 नंतर फाळणीत घरदार गमावलेले पंजाबी निर्वासित येथे वसले. शेजारी माटुंग्याची तमिळ. आमच्या शीव कोळीवाड्यात भाजी घ्यावयास निघालेल्या माणसाच्या कानावर घरी परतेपर्यंत चार भाषा पडतात.

अशा वस्तीत शब्दांचे खेळ रंगले नाहीत तरच नवल. पूर्वी ते ओटीवर रंगत. आता ते मोबाइलवर रंगतात. हार्बर लोकलच्या डब्यात जरा मान वळवून पाहावे: कोणी तरुण, कोणी निवृत्त गृहस्थ, कोणी कामावरून परतणारी बाई समोरच्या चौकटीत अक्षरे जुळवीत असते. पदरात सात अक्षरे पडलेली असतात. त्यांतून एक शब्द मांडावयाचा, तो आधीच्या शब्दाला अडकवावयाचा, गुण घ्यावयाचे आणि थांबावयाचे. कारण आता पाळी दुसऱ्याची. तो दुसरा कोठे आहे, कोण आहे, हे ठाऊक असेलच असे नाही. त्याचे उत्तर दोन मिनिटांत येईल किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. माझ्या ओळखीच्या एका घरात मावशी रात्री भांडी आवरून शब्द मांडतात आणि परदेशातली भाची तिकडच्या दुपारी उत्तर देते. दोघींचे फोनवर बोलणे क्वचितच होते. पण डाव कधी मोडत नाही.

हे सारे नवे वाटते, पण याचे मूळ पुष्कळ खोल आहे. शहाजीराजांच्या बंगळूरच्या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी आला. त्याने राजांपुढे बारा नारळ ठेवले. का, तर आपल्याला बारा भाषांत कविता करता येते हे सांगावयास. त्याचा 'राधामाधवविलासचंपू' हा ग्रंथ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केला, आणि त्यात समस्यापूर्तीचे डाव वाचावयास मिळतात. एकाने कवितेचा तुकडा टाकावयाचा आणि दुसऱ्याने तो पुरा करावयाचा. पाळी, अट, आणि अटीतून काढलेली वाट, ही या खेळाची तिन्ही अंगे तेथे आहेत. तोच डाव राजवाड्यातून उतरून सामान्यांच्या घरी आला तेव्हा त्याच्या भेंड्या झाल्या. भेंड्यांत 'ण' किंवा 'ळ' आला की सगळ्यांची पंचाईत, कारण त्या अक्षरांनी आरंभ होणारा शब्द मराठीत शोधून सापडावयाचा नाही. मग वडीलधारी मंडळी तडजोड काढीत: 'ण' ला 'न' चालेल, 'ळ' ला 'ल' घ्या. भाषेची अडचण सर्वांच्या संमतीने सोडविणारा हा कायदा कोणत्याही विधिमंडळाने केलेला नाही.

आता कायद्याचे नाव निघालेच आहे, तर फराळाचे ताट जरा बाजूला सारून वाचकांनी एक खटला ऐकावा. तो आहे शब्दकोड्यांचा, आणि त्यात एक पक्ष खुद्द मुंबई राज्याचा.

शब्दकोडे हे अपत्य तसे विलायती. 21 डिसेंबर 1913 रोजी आर्थर विन याने ते न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात प्रथम छापले. आपल्याकडे ते आल्यावर त्याला बक्षिसाची शेपटी फुटली. कोडे सोडवा, अर्जासोबत फी भरा, उत्तर जुळले तर मोठी रक्कम घ्या. मुंबई राज्याने 1948 मध्ये सोडती आणि बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. तेव्हा एक युक्ती पुढे आली. बंगळूरहून 'स्पोर्टिंग स्टार' नावाचे साप्ताहिक निघे. त्यात आर. एम. डी. सी. कंपनीची शब्दकोडी असत. साप्ताहिक छापले जाई म्हैसूर राज्यात, पण ते खपे मुंबई राज्यात. अर्ज आणि फी गोळा करण्याची ठिकाणेही येथे होती. राज्याने 1952 मध्ये कायदा दुरुस्त करून राज्याबाहेर छापलेल्या पत्रांनाही त्यात ओढले. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तेथे जिंकली. राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले.

प्रश्न मोठा मौजेचा होता, आणि गंभीरही. शब्दकोडे सोडविणे हे बुद्धीचे काम की नशिबाचे? ज्याला शब्द ठाऊक तो जिंकणार, मग हा जुगार कसा? येथेच खरी मेख आहे. बक्षिसाच्या कोड्यांत एकेका सूत्राला दोन शब्द जवळजवळ सारखेच चपखल बसत. माझ्या पदरचे उदाहरण देतो. सूत्र असे: 'गरिबाचा खरा आधार'. दोन चौकोन, दुसऱ्यात 'त' छापलेला. उत्तर 'हात' की 'भात'? दोन्ही बरोबर, आणि दोन्हींसाठी तासभर वाद घालता येईल. पण बक्षीस मिळावयाचे ते कोडे काढणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेल्या शब्दाला. अशी सूत्रे एकाखाली एक आली की पंडित आणि अडाणी यांत फरक राहत नाही. सूत्रे केवळ दहा धरली तरी दोनाचे चार, चाराचे आठ असे करीत 1,024 निरनिराळी उत्तरे होतात. त्यांतील एकच खरे. शब्दांचा वेष घेतलेले ते फासेच होत.

9 एप्रिल 1957 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल राज्याच्या बाजूने दिला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्यात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून, पांडवांच्या द्यूतापासून आणि मनूपासून आधार घेतले, आणि सांगितले की जुगार हा व्यापार नव्हेच. व्यापाराच्या स्वातंत्र्याचे कवच त्याला लाभावयाचे नाही. सामान्य माणसाची कष्टाची कमाई सहज मिळणाऱ्या पैशाच्या आशेने जाते आणि तो कायमचा कर्जात रुततो, ही चिंता त्या निकालात स्पष्ट आहे. संसदेनेही 1955 मध्ये बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला होता: महिन्याची एकूण बक्षिसे एक हजार रुपयांपेक्षा अधिक नकोत, आणि एका स्पर्धेत दोन हजारांपेक्षा अधिक प्रवेशिका नकोत. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने या कायद्याचीही हद्द आखून दिली. ज्या स्पर्धेतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे तिला हा कायदा लागू नाही. जी नशिबावर चालते तिलाच लागू.

म्हणजे शीव ठरली: इकडे कौशल्य, तिकडे नशीब.

पण मनुष्याने शीव आखावी आणि खेळाने ती पुसावी, असेच चालत आले आहे. अमेरिकेत आल्फ्रेड बट्स नावाच्या गृहस्थाने वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून, कोणते अक्षर किती वेळा येते याचा हिशेब करून, अक्षरांच्या सोंगट्यांचा खेळ 1930 नंतरच्या दशकात रचला. 1948 मध्ये त्याला 'स्क्रॅबल' हे नाव मिळाले. शंभर सोंगट्या, 225 घरे. सोंगट्या पिशवीतून न पाहता काढावयाच्या. म्हणजे अक्षरे नशिबाने मिळतात, शब्द अकलेने. पुढे कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी हाच खेळ 'स्क्रॅब्युलस' नावाने संगणकावर आणला आणि 2007 मध्ये तो फेसबुकवर जगभर गाजला. समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाशी पाळीपाळीने खेळण्याची गोडी लाखो लोकांना लागली ती या दोन भारतीय भावांमुळे. खेळाचे मालक न्यायालयात गेले. सप्टेंबर 2008 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भावांना ते नाव वापरण्यास मनाई केली, पण खेळाच्या पटावर कॉपीराइटचा हक्क काही मानला नाही. त्या भावांचा खेळ 'लेक्स्युलस' या नव्या नावाने चालू राहिला. 2009 मध्ये 'वर्ड्स विथ फ्रेंड्स' आला आणि डाव खिशात मावू लागला.

आमच्या शाळेतील मुले हे खेळ इंग्रजीतून खेळतात. मी मराठी शिकवितो, म्हणून फळ्यावर चौकटी आखून हाच डाव मराठीत मांडून पाहिला, आणि पहिल्याच दिवशी मुलांनी मला कोंडीत पकडले. 'मुंबई' ही अक्षरे किती? इंग्रजीत सहा, आपल्याकडे मुं, ब, ई अशी तीन. मग काना, मात्रा, अनुस्वार यांच्या वेगळ्या सोंगट्या करावयाच्या की काय? वेगळ्या केल्या तर नुसती वेलांटी हातात घेऊन मूल बसते. नाही केल्या, तर छत्तीस व्यंजनांची बाराखडीच 432 अक्षरांची होते, जोडाक्षरे निराळीच. शेवटी मुलांनीच निवाडा दिला, 'सर, एका घरात एक अक्षर, काना-मात्रेसकट.' आपली शब्दकोडी याच न्यायाने चालतात. मग 'कोळीवाडा' फळ्यावर उभा राहिला, त्याच्या 'ळी' तून एका मुलीने 'दिवाळी' आडवी नेली, आणि पंजाबी घरातल्या एका मुलाने 'होळी' सुचविली. गुणांसाठी भांडण झाले, पण पैशाचे नाव कोणी काढले नाही.

पैशाचे नाव मात्र बाहेर निघाले होते. मोबाइलवरच्या खेळांत पैसे लावण्याची सोय झाली, आणि 'हा कौशल्याचा खेळ आहे' हे 1957 चेच वाक्य नव्या दुकानांच्या पाटीवर चढले. ज्या शीवेने सामान्य माणसाला वाचवावयाचे, तिच्याच आडोशाला डाव मांडले गेले. समोर बसलेल्या भिडूचा चेहरा तरी दिसतो, त्याची दानत ओळखता येते. मोबाइलपलीकडचा भिडू माणूस आहे की यंत्र, हेही कळावयास मार्ग नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा संमत केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर मोहोर उमटविली. त्याने शीवेचा दगडच हलविला आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हे तो विचारीत नाही. पैसा लावून बदल्यात पैसा मिळण्याची आशा आहे काय, एवढेच विचारतो. असेल तर तो खेळ चालविणे गुन्हा. पैसा लावून खेळणाऱ्याला मात्र तो शिक्षा करीत नाही. निव्वळ करमणुकीचा डाव मोकळा आहे.

मला हा दगड योग्य जागी बसला असे वाटते. 'हात' की 'भात' हा वाद न्यायालयाने किती दिवस ऐकावा? खेळणाऱ्याची पगाराची थैली धोक्यात आहे की नाही, हे पाहणे सोपे आहे आणि घरच्या माणसांच्या दृष्टीने महत्त्वाचेही तेच. मात्र कायद्याच्या हातात सगळेच नसते. पैसा लागला नाही तरी वेळ लागतो, झोप लागते, आणि पाळीची वाट पाहत मन तेथेच घुटमळते. ही शीव प्रत्येक घराने आपली आपण आखावयाची आहे.

तेव्हा या दिवाळीत पाहुणे जमतील, मुले मोबाइल काढतील, त्यांना एकदम रागे भरू नये. त्यांच्या हातात जयराम पिंड्यांचाच वारसा आहे, फक्त नारळ नाहीत. एक कागद घ्यावा, चौकटी आखाव्यात, मधोमध 'दिवाळी' लिहावे आणि म्हणावे, चला, आता तुमची पाळी. 'ळ' वर कोणी अडले तर 'ल' चालेल.